मोटर नेमकी किती युनिट खाते? पंपाचा आणि गिरणीचा वीजखर्च काढण्याचा क्रम

पाच एचपीची मोटर म्हणजे ३.७३ किलोवॅट. रोज तीन तास धरले तर दिवसाला अकरा युनिट, वर्षाला चार हजारांच्या वर. गोव्यात फोंडा, सत्तरी, डिचोली, कुठल्याही कुळागरात (पोफळीच्या बागायतीत) विचारा, हाच हिशोब ऐकायला मिळेल. तो अर्ध्या मिनिटात होतो आणि तीन ठिकाणी चुकतो. पाटीवरचा आकडा मोटर ओढते त्या विजेचा नसतो, तास अंदाजाने धरलेले असतात, आणि दर एकच असतो असे गृहीत धरलेले असते.

खाली मुख्य उदाहरणाला घेतलेला पंप दोन चुलतभावांच्या सामायिक बागायतीतला आहे. शेतीचा मीटर एक, मोटरी दोन: विहिरीवर पाच एचपीची, व्हाळावर (ओढ्यावर) तीन एचपीची. विहिरीचे पाणी एकाच्या पोफळींना, व्हाळाचे दुसऱ्याच्या. बिल वाटून घ्यायचे तर कोणाची मोटर किती खाते ते कळायला हवे. त्यांनी वरच्या पद्धतीने विहिरीच्या पंपाचे वर्षाचे ४,०८४ युनिट काढले होते. दोन्ही मोटरी धरून मीटर वर्षभरात फिरला होता २,२३० युनिट. भांडण कशावरून चालले होते ते यावरून कळेल.

## आधी काय जमवायचे

मागच्या बारा महिन्यांची बिले, एक वही, फोनमधले स्टॉपवॉच आणि पंपासाठी दोनशे लिटरचे एक पिंप. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून अँपियर मोजणारे यंत्र) वायरमनकडे असतो, तो दुसऱ्या टप्प्यानंतर गरज पडली तरच बोलवा.

बिलावरच्या दोन नोंदी आधी वहीत उतरवा: जोडणीचा वर्ग (घरगुती, व्यापारी, औद्योगिक की शेती) आणि मीटरचा गुणक, म्हणजे एमएफ. घरच्या साध्या मीटरला तो १ असतो. वेर्णा, कुंडई, बेतोडा अशा वसाहतींतल्या मोठ्या जोडण्यांना मीटर सीटीवर (प्रवाह ठरावीक पटीने कमी करून मीटरला देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) असतो, तेव्हा गुणक २०, ४० असा काहीही असू शकतो. तो विसरला तर पुढचा सगळा हिशोब तितक्याच पटीने चुकेल.

सावधान: स्टार्टरचे झाकण उघडणे, वायर वेगळी करणे ही कामे परवानाधारक वायरमनचीच. ओल्या मातीत, अनवाणी पायांनी, पावसात पंपघरात मोजमाप करू नका. दुसऱ्या टप्प्याला कशालाही हात लावावा लागत नाही, म्हणूनच तो आधी ठेवला आहे.

## टप्पा १: पाटी वाचा

मोटरच्या पाटीवर लिहिलेले एचपी किंवा किलोवॅट हे मोटर शाफ्टवर *देऊ शकते* त्या शक्तीचे असतात. विजेतून ती *घेते* किती, ते दोन गोष्टींवर ठरते: कार्यक्षमता, आणि प्रत्यक्षात तिच्यावर पडलेला भार.

पाटीवरून चार आकडे घ्या: किलोवॅट, व्होल्ट, पूर्ण भाराचे अँपियर आणि कार्यक्षमता. उदाहरणातल्या विहिरीच्या मोटरवर ३.७ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ७.३ अँपियर आणि ८६.३ टक्के असे होते. पूर्ण भारावर ती ३.७ ÷ ०.८६३ म्हणजे साधारण ४.३ किलोवॅट घेईल. ही कमाल मर्यादा समजा. उत्तर नव्हे.

इथे गंमत अशी की चूक दोन्ही दिशांना होते. थ्री-फेजच्या मोठ्या मोटरी बहुधा गरजेपेक्षा मोठ्या घेतलेल्या असतात, त्यामुळे पाटीवरून खर्च जास्त दिसतो. घरच्या एक एचपीच्या सिंगल-फेज मोटरचे उलट असते. तिची कार्यक्षमता साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ०.७५ किलोवॅट लिहिलेली मोटर पूर्ण भारावर १.२ किलोवॅटपर्यंत ओढते. म्हणून ‘पाटीवरच्या आकड्यातून थोडे कमी करा’ असला सरसकट नियम कामाचा नाही.

## टप्पा २: मीटरच्या दिव्यावरून खरे किलोवॅट

हा सगळ्या लेखातला सर्वांत उपयोगी टप्पा आहे आणि याला खर्च शून्य. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकतो. मीटरवरच एका युनिटला किती वेळा तो लुकलुकतो ते छापलेले असते: ३२००, १६००, १२०० असे काहीतरी.

१. घरातले किंवा बागेतले बाकी सगळे बंद करा. फ्रिज, इन्व्हर्टर, वायफायसुद्धा. बंद केल्यावर दिवा थांबला ना ते बघा. नसेल तर काहीतरी चालू राहिले आहे.

२. पंप चालू करून पाच-दहा मिनिटे जाऊ द्या. पाइप भरेपर्यंत भार स्थिर नसतो.

३. दोन मिनिटांत दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. सुरुवात एका लुकलुकण्यावर करा आणि ते मोजू नका. त्याच्या पुढचे पहिले.

४. सूत्र: किलोवॅट = ३६०० × लुकलुक ÷ (मीटरवरचा आकडा × सेकंद). सीटीचा मीटर असेल तर उत्तराला एमएफने गुणा.

विहिरीच्या पंपाला १२०० च्या मीटरवर १२० सेकंदांत १०८ लुकलुक आले. ३६०० × १०८ ÷ (१२०० × १२०) = २.७ किलोवॅट. पाटीवरून धरलेल्या ३.७३ च्या बरेच खाली.

पेडण्याकडच्या एका घरात बोअरवेलमधल्या एक एचपीच्या सबमर्सिबलला ३२०० च्या मीटरवर एका मिनिटात ६४ आले. म्हणजे १.२ किलोवॅट, पाटीच्या वर.

तपासा: हेच मोजमाप लगेच पुन्हा करा. दोन उत्तरांत तीन-चार टक्क्यांहून जास्त फरक पडला तर मोजताना चूक झाली किंवा भार हलतो आहे. भार हलत असेल तर पाचवा टप्पा वाचा.

सावधान: छतावर सोलर आहे आणि नेट मीटर बसवला आहे? मग दिवसा दिवा काय दाखवतो त्याला अर्थ नाही. मोजमाप सूर्य मावळल्यावर करा.

## टप्पा ३: क्लॅम्प मीटर, पण जपून

मीटर दूर असेल, किंवा बाकीची यंत्रे बंद करता येत नसतील, तरच याच्याकडे वळा. सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

पहिली चूक, अख्खी केबल क्लॅम्पमध्ये धरणे. आत जाणारा आणि बाहेर येणारा प्रवाह एकमेकांना रद्द करतात आणि मीटर शून्य दाखवतो. एका वेळी एकच वायर धरायची. थ्री-फेजला तिन्ही फेज वेगवेगळे मोजून सरासरी काढा.

दुसरी चूक, स्टार-डेल्टा स्टार्टरच्या पुढे मोटरकडे जाणाऱ्या सहा वायरींपैकी एक मोजणे. डेल्टामध्ये त्या वायरीतून लाइनच्या प्रवाहाचा साधारण ५८ टक्केच भाग जातो. स्टार्टरच्या *आधी*, येणाऱ्या लाइनवर मोजा, आणि डेल्टावर गेल्यानंतरच.

तिसरी चूक पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपियरपैकी खरी वीज किती त्याचे प्रमाण, गाळण्याची. तिच्यावर जरा थांबतो, कारण आमच्या उदाहरणात तिनेच घोळ घातला होता. वायरमनने विहिरीच्या मोटरवर ४०० व्होल्ट आणि ५.४ अँपियर मोजले. १.७३२ × ४०० × ५.४ केले की येतात ३,७४१. पाटीवरून आले होते ३.७३ किलोवॅट, मोजून आले ३.७४. दोन्ही जुळले, म्हणून दोघांनाही वाटले की आकडा पक्का. खरे तर दोन वेगवेगळ्या चुका योगायोगाने एकाच जागी भेटल्या होत्या. ३,७४१ हे व्होल्ट-अँपियर आहेत. वॅट काढायला त्यांना पॉवर फॅक्टरने गुणावे लागते. तो इथे ०.७२ होता. गुणाकार २.७ किलोवॅट, म्हणजे दिव्याने दाखवले तेवढेच.

पॉवर फॅक्टर पाटीवरचा घेऊ नका, तो पूर्ण भाराचा असतो. भार कमी झाला की तो घसरतो: पूर्ण भारावर ०.८२ असलेला निम्म्या भारावर ०.६५ च्या आसपास येऊ शकतो, आणि मोटर रिकामी फिरत असेल तर ०.२ इतकाही खाली जातो. त्यामुळे ‘७.३ पैकी ५.४ अँपियर, म्हणजे मोटरवर ७४ टक्के भार’ हाही हिशोब चुकतो. या मोटरवर भार ६२ टक्क्यांच्या जवळपास होता. शक्य असेल तर किलोवॅट थेट दाखवणारा क्लॅम्प मीटर मागवा. साध्या क्लॅम्पवर अंदाज करायचाच असेल तर तो दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे आहे असे धरून चाला.

व्होल्टेजही मोटर *चालू असताना*च मोजा. लाइनच्या टोकाला असलेल्या वाड्यावर संध्याकाळी व्होल्टेज पडते, मोटर जास्त अँपियर ओढते आणि तापते. सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा वेगळा असेल तर दोन्ही लिहून ठेवा.

मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी, बसवलेला असेल तर त्याच्या मोटरकडच्या बाजूला साधा क्लॅम्प लावून काढलेला आकडा टाकून द्या. येणाऱ्या बाजूला किलोवॅट मीटर लावा, किंवा सरळ दुसरा टप्पा वापरा.

## टप्पा ४: तास मोजा, आठवू नका

किलोवॅटमध्ये फार तर दीडपट चूक होते. तासांत दुपटीहून जास्त होते, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

‘रोज तीन तास’ हे वाक्य गोव्यात बाराही महिन्यांना लागू पडत नाही. जून ते सप्टेंबर कुळागराला पंपाची गरज नसते. चवथीनंतरही बरेच दिवस माती ओली असते. उदाहरणातल्या बागेत पंप डिसेंबरात सुरू होतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ९० दिवस रोज दोन तास म्हणजे १८० तास. मार्च ते मे ९२ दिवस रोज साडेतीन तास म्हणजे ३२२ तास. एकूण ५०२. ‘रोज तीन तास’ धरले की होतात १,०९५.

५०२ × २.७ = १,३५५ युनिट. ४,०८४ कुठे आणि हे कुठे.

तास मिळवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे स्टार्टरच्या पेटीत बसणारा तास-मीटर. वायरमन तो कॉन्टॅक्टरवर जोडून देतो. तो नसेल तर पंपघरात खडू आणि पाटी टांगा, चालू-बंदची वेळ लिहायची सवय लावा. ऑटो-स्टार्टर असलेल्या पंपाला तास-मीटरशिवाय गत्यंतर नाही. रात्री वीज आली की तो आपसूक सुरू होतो आणि कोणाच्या लक्षातही राहत नाही.

घरच्या टाकीसाठी सोपा उपाय: टाकी भरायला किती मिनिटे लागतात ते एकदा मोजा आणि रोज किती टाक्या लागतात ते बघा. त्या पेडण्याच्या घरात हजार लिटरला ४० मिनिटे आणि दिवसाला दीड टाकी, म्हणजे बरोबर एक तास. रोज १.२ युनिट, महिन्याला ३६.

तपासा: विहिरीच्या पंपाचे किलोवॅट दोनदा मोजा, एकदा जानेवारीत, एकदा एप्रिलअखेर. जांभ्यातल्या विहिरींची पातळी उन्हाळ्यात चांगलीच खाली जाते. साधा सेंट्रिफ्यूगल पंप तेव्हा पाणी कमी देतो आणि वीजही थोडी *कमी* ओढतो. पण तेवढेच पाणी द्यायला तास वाढतात, म्हणून एकूण युनिट वाढतात. एप्रिलचा कमी किलोवॅट बघून खूश होऊ नका.

## टप्पा ५: भार हलणाऱ्या मोटरी

पंप आणि पंखा हे सरळ प्राणी आहेत. गिरण, कॉम्प्रेसर, बर्फाचा कारखाना, मासळीचे शीतगृह यांना एका क्षणाचे मोजमाप चालत नाही.

पिठाच्या गिरणीत दळण चालू असतानाचे आणि रिकामी फिरतानाचे किलोवॅट वेगळे मोजा आणि दोन्हींचे तास वेगळे लिहा. रिकाम्या मोटरचे अँपियर बघून घाबरू नका. पूर्ण भाराच्या तीस-चाळीस टक्के दिसतात, पण पॉवर फॅक्टर इतका खाली असतो की प्रत्यक्ष वीज थोडीच जाते. जात्याचा आणि पट्ट्याचा ओढा मात्र त्यात धरलेला असतो, म्हणून मोजाच.

लोड-अनलोडवर चालणाऱ्या हवेच्या कॉम्प्रेसरचे नेमके उलटे. हवा भरत नसतानाही तो फिरत राहतो आणि पूर्ण भाराच्या पाव ते एक-तृतीयांश वीज खात राहतो. जेवणाच्या सुटीत तो बंद होतो का, ते आधी विचारा.

शीतगृहाचे, डीप फ्रीझरचे, शॅकमधल्या कूलरचे मोजमाप निदान चोवीस तासांचे हवे, जमल्यास आठवड्याचे. दार किती वेळा उघडले, माल किती गरम आत गेला, बाहेर मे महिना आहे की जानेवारी, सगळ्याचा त्यावर परिणाम होतो. सॉकेटवर चालणाऱ्या यंत्राला सॉकेटमध्ये बसणारा छोटा युनिट मीटर लावला की काम झाले.

सुरू होतानाच्या झटक्याविषयी लोक हमखास विचारतात. मोटर सुरू होताना सहा-सात पट अँपियर घेते हे खरे, पण दोन-तीन सेकंद. सात किलोवॅट दोन सेकंद धरले तरी युनिटचे हजार भाग केले तर त्यातले चारच होतात. ‘पुन्हा सुरू करायला जास्त वीज लागते’ म्हणून मोटर रिकामी फिरवत ठेवणे निव्वळ नुकसान आहे. मात्र मोठी मोटर तासात दहादा चालू-बंद केली तर वाइंडिंग जळेल, तो वेगळा खर्च.

## टप्पा ६: युनिटांचे रुपये

गोव्यातले दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते वेळोवेळी बदलतात. म्हणून इथे दर लिहीत नाही, ताज्या बिलावरचा घ्या. बिलात चार गोष्टी वेगळ्या बघा: ऊर्जा आकार, स्थिर आकार, एफपीपीसीए म्हणजे इंधन व वीजखरेदीचे समायोजन, आणि वीज शुल्क.

स्थिर आकार मोटर चालो न चालो लागतोच. पावसाळ्यात बंद असलेल्या पंपाचे बिल शून्य का येत नाही, त्याचे उत्तर हे. मोटरचा *चालवण्याचा* खर्च काढताना तो गुणाकारात मिसळू नका, वर्षाअखेरीस वेगळा मिळवा.

घरगुती जोडणीवर आणखी एक फसगत असते. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून सरासरी दर काढायचा आणि मोटरच्या युनिटांना तो लावायचा, हे चूक. दर टप्प्याटप्प्याने चढतात. पंप नसता तर कमी झाली असती ती *वरची* युनिटे. समजा घराचे महिन्याचे ३३० युनिट आहेत, टप्पा ३०० वर बदलतो, खालच्या टप्प्याला ४ आणि वरच्याला ५ रुपये दर आहे (आकडे गुणाकार कळावा म्हणून घेतलेले). पंपाच्या ३६ युनिटांपैकी ३० वरच्या टप्प्यातली, ६ खालच्या: १७४ रुपये. त्याच बिलाचा सरासरी दर ४.०९ निघतो, त्याने १४७ रुपयेच दिसतात. भाडेकरूकडून पंपाचे पैसे घेणाऱ्या घरमालकांनी आणि देणाऱ्या भाडेकरूंनीही हे लक्षात ठेवावे.

शेतीचा दर घरगुती आणि व्यापारी दरापेक्षा बराच कमी असतो. बागायतीचा पंप घरच्या मीटरवर चालत असेल तर किलोवॅट मोजत बसण्याआधी वीज खात्यात जाऊन शेतीच्या जोडणीचा अर्ज करा.

## टप्पा ७: पडताळा

काढलेल्या युनिटांची बेरीज मीटरशी जुळली पाहिजे. विहिरीचा पंप १,३५५. व्हाळावरचा १.८ किलोवॅट आणि ४५० तास, म्हणजे ८१०. एकूण २,१६५. मीटरवर २,२३०. फरक तीन टक्क्यांच्या आत, पंपघरातला दिवा आणि आठवणीतून निसटलेले काही तास यात तो खपून जातो. पाच-सहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालेल. वीस टक्के असेल तर आधी तास तपासा, मग किलोवॅट.

पंपाला दुसरा पडताळा पिंपाचा. विहिरीच्या पाइपाखाली दोनशे लिटरचे पिंप ४० सेकंदांत भरले. सेकंदाला पाच लिटर, तासाला १८ घनमीटर. विहिरीतल्या पाण्यापासून पाइपाच्या तोंडापर्यंतची उंची, पाइपातल्या घर्षणासकट, २५ मीटर धरली. १८ × २५ ÷ ३६७ = १.२३ किलोवॅट एवढेच खरे पाण्याचे काम. २.७ पैकी १.२३, म्हणजे ४५ टक्के. अशा पंपाला हे ठीक आहे. तीसच्या खाली आले तर फूट व्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपाच्या टोकाची झडप) तुंबला आहे, इम्पेलर झिजला आहे किंवा पाइप बारीक आहे. बोअरवेलमधल्या लहान सबमर्सिबलला मात्र वीस टक्केही येऊ शकतात, तिथे घाबरू नका.

## मोटर बदलण्याआधी

हिशोब झाला की पुढचा प्रश्न येतो: आयई-३ दर्जाची, म्हणजे जास्त कार्यक्षम, नवी मोटर घ्यावी का? वाचणारी युनिटे = सध्याची युनिटे × (१ − जुनी कार्यक्षमता ÷ नवी कार्यक्षमता). समजा एक-दोनदा रिवाइंड झालेली जुनी मोटर ८० टक्क्यांवर आली आहे आणि नवी ८८.४ टक्क्यांची आहे. १,३५५ युनिटांवर वर्षाला साधारण १२९ युनिट वाचतील. शेतीच्या दराने एवढ्या पैशांत नवी मोटर फिटायला जन्म जाईल.

तेच वर्षाला ६,००० तास चालणाऱ्या, शाफ्टवर ५.६ किलोवॅट देणाऱ्या शीतगृहाच्या मोटरला लावा: ८५ टक्क्यांवरून ९०.४ वर गेली की वर्षाला सुमारे २,३६० युनिट, तेही व्यापारी किंवा औद्योगिक दराने. तिथे वाट बघू नका.

वेग कमी करणाऱ्या ड्राइव्हची जाहिरात करणारे सांगतात की वेग ८० टक्के केला की वीज निम्मी होते. पंख्याला ते जवळपास खरे आहे. खोल विहिरीतून वर टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला नाही. उंची तीच राहते, आणि वेग फार कमी केला तर पाणी वर येणेच थांबते. मोटर मात्र फिरत राहते.

त्या दोन चुलतभावांनी मोटर बदलली नाही. बिल १,३५५ आणि ८१० च्या प्रमाणात वाटून घेतात, व्हाळावरच्या पंपाचा गळका फूट व्हॉल्व्ह बदलला, आणि दोन्ही स्टार्टरांत तास-मीटर बसवले. दर महिन्याच्या एक तारखेला दोघे मिळून आकडे लिहितात. एकट्याने लिहिलेला आकडा ग्राह्य धरायचा नाही, असे ठरले आहे.